ओव्यांच्या फायली नव्या डिस्कवर उतरवल्या आणि सगळ्यांवर एकच तारीख पडली

चिंचेखाली | ४ नोव्हेंबर २०२४, दुपारी २:१०

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडी घाई आहे.

२००८ ते २०११ मी माण तालुक्यात नोकरीला होते आणि राहायला आजीकडे. ती पहाटे जात्यावर बसली की मी शेजारी बसून तिच्या ओव्या रेकॉर्ड करायचे. मुठीत मावेल एवढा डिजिटल रेकॉर्डर होता. अशा २१४ फायली आहेत. २०११च्या पावसाळ्यात आजी गेली.

रेकॉर्डर फायलींना नुसता क्रमांक द्यायचा. ओव्यांचे शब्द मी त्याच दिवशी वहीत उतरवून वर तारीख टाकायचे, पण फायलीचा क्रमांक लिहायचं तेव्हा सुचलं नाही. त्यामुळे वही आणि आवाज यांना जोडणारा दुवा एकच, फायलीची तारीख.

फायलींचा प्रवास असा: रेकॉर्डरवरून २०१२मध्ये लॅपटॉपवर (विंडोज), तिथून २०१६मध्ये पोर्टेबल हार्ड डिस्कवर. आता ती डिस्क टकटक वाजते. म्हणून भाऊबीजेला आलेल्या भाच्याने त्याच्या लिनक्स लॅपटॉपवरून सगळं नव्या डिस्कवर कॉपी करून दिलं. फायली वाजतात, सगळ्या नीट आहेत. पण २१४ च्या २१४ फायलींवर तारीख ३ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी ७:५२ ते ७:५८.

आणखी एक कोडं. यातल्या चाळीसेक फायली २०१८ साली एका पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. तिथे विंडोज 'डेट क्रिएटेड' २०१८ दाखवतं आणि 'डेट मॉडिफाइड' २००९. फाइल तयार व्हायच्या नऊ वर्षं आधीच तिच्यात बदल कसा झाला?

दुकानदार म्हणतो जुनी डिस्क आता कामाची नाही, टाकून द्या. टाकू का?

---

दीपमाळ | ४ नोव्हेंबर, दुपारी २:२६

टाकू नका! तारखा त्याच डिस्कवर आहेत. आत्ता तिला काहीही जोडू नका, उघडून बघू नका, 'रिपेअर करू का' असं संगणकाने विचारलं तर नाही म्हणा. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आधी हे.

---

सह्यकडा | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

ताई, पेनड्राइव्हचं कोडं आधी सोडवतो, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

'क्रिएटेड'चा अर्थ आपण 'हा मजकूर कधी जन्मला' असा घेतो. विंडोजच्या लेखी त्याचा अर्थ 'ही फाइल या डिस्कवर कधी अवतरली' एवढाच आहे. कॉपी ही त्याच्या दृष्टीने नवी फाइल, म्हणून तिची जन्मवेळ कॉपी केल्याची. 'मॉडिफाइड' म्हणजे आतल्या मजकुरात शेवटचा बदल कधी झाला. कॉपी करताना मजकूर बदलत नाही, म्हणून विंडोज मूळ फायलीची ती वेळ जशीच्या तशी नव्या फायलीवर लिहितं. मॉडिफाइड जुनी आणि क्रिएटेड नवी दिसली, की समजावं ही कॉपी आहे. तुमच्या बाबतीत २००९ ही खरी तारीख, २०१८ ही पेनड्राइव्हवर घेतल्याची.

कॉपीऐवजी कट-पेस्ट केलं तर विंडोज दोन्ही तारखा राखतं, अगदी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेलं तरी. पण म्हणून जुन्या डिस्कवरून कट-पेस्ट करू नका. मध्येच वीज गेली तर काय उरेल सांगता येत नाही.

तिसरी वेळ असते 'अ‍ॅक्सेस्ड', शेवटचं कधी उघडलं. तिच्यावर भरवसा नको. व्हिस्टापासून विंडोजने ती दर वेळी नोंदवणं मुळातच बंद ठेवलं होतं.

---

ओसरी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

लिनक्सचं मी सांगते, रोजचं काम तेच आहे.

भाच्याने बहुतेक टर्मिनलमध्ये 'सीपी' ही आज्ञा वापरली असणार. तिचा मूळ स्वभाव असा की ती नवी फाइल बनवते आणि मॉडिफाइडची वेळही आत्ताची टाकते. जुनी वेळ हवी असेल तर तसं सांगावं लागतं: हायफन पी दिलं की वेळ, मालकी आणि परवानग्या टिकतात, हायफन ए दिलं की फोल्डरसकट सगळं टिकतं. गंमत म्हणजे त्याच लॅपटॉपवर माउसने ओढून कॉपी केलं असतं तर मॉडिफाइड वेळ बहुधा टिकली असती. मुलाला बोलू नका, नवीन असताना हे प्रत्येकाच्या हातून होतं.

आता महत्त्वाचं. फायलीतला आवाज तुमच्याकडे नव्या डिस्कवर सुखरूप आहे. हरवल्या आहेत फक्त तारखा. ही तारीख फायलीच्या आत नसते. ती फाइल सिस्टिमच्या नोंदवहीत असते, नाव आणि आकार यांच्या शेजारी. म्हणजे मरणाऱ्या डिस्ककडून सगळे जीबी पुन्हा मागायची गरज नाही, नोंदवहीची काही पानं वाचून झाली की पुरे. काही सेकंदांचं काम आहे.

क्रम असा ठेवा:

पहिलं, डिस्क लिनक्सला फक्त वाचनासाठी जोडा, म्हणजे तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही. जोडल्याबरोबर पूर्ण यादी, तारीख-वेळ सेकंदांसकट, एका टेक्स्ट फायलीत उतरवून घ्या ('एलएस' आज्ञेला 'टाइम-स्टाइल' हा पर्याय 'फुल-आयएसओ' असा द्यायचा). ही यादी मिळाली की निम्मी लढाई जिंकलात. पुढे डिस्क बंद पडली तरी यादीवरून 'टच' आज्ञेने एकेका फायलीला तारीख परत देता येते.

दुसरं, डिस्क अजून साथ देत असेल तर 'सीपी'लाच 'अ‍ॅट्रिब्यूट्स-ओन्ली' आणि 'प्रिझर्व्ह'मध्ये 'टाइमस्टॅम्प्स' हे पर्याय द्या. मग ती मजकुराला हात न लावता जुन्या फायलींच्या फक्त तारखा नव्या फायलींवर चढवते. आधी पाच फायलींची वेगळी कॉपी करून त्यांच्यावर करून बघा.

या सगळ्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना रोमन लिपीत, स्पेलिंग तपासून.

---

चिंचेखाली | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

वाचूनच हात थरथरायला लागले. भाचा अजून इथेच आहे, त्याला धागा दाखवला. डिस्क जोडली की दहा मिनिटं चालते आणि आपोआप निघून जाते. तेवढ्यात होईल?

---

ओसरी | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:०९

यादीला एक मिनिटसुद्धा लागणार नाही. आज्ञा आधी टंकून तयार ठेवा, मग डिस्क जोडा.

---

तांबडी माती | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५

विंडोजवाल्यांसाठी भर घालतो, कारण इथे बरेच जण तेच वापरत असतील.

आमच्या घरचे वीस वर्षांचे फोटो मी 'रोबोकॉपी' या कॉपीच्या आज्ञेने हलवले. विंडोजमध्येच असते, वेगळी घ्यावी लागत नाही. सांगितलं नाही तरी ती फायलींचा मजकूर, गुणधर्म आणि तारखा तिन्ही नेते, क्रिएटेडसुद्धा. फोल्डरांच्या तारखा मात्र तिला वेगळ्या सांगाव्या लागतात, 'डीकॉपी' या पर्यायात टी हे अक्षर घालून. मी पहिल्या वेळी ते विसरलो. फोटोंच्या तारखा बरोबर आणि 'कोकण सहल' फोल्डर कालचं, असं झालं.

विंडोजची एक विचित्र सवय सांगतो, तिने मला अख्खा दिवस छळलं होतं. एखादी फाइल पुसून पंधरा सेकंदांच्या आत त्याच नावाची नवी फाइल त्याच फोल्डरात ठेवली, तर नव्या फायलीला जुनीची क्रिएटेड तारीख मिळते. जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी ठेवलेली ही गोष्ट आहे, तिला टनेलिंग म्हणतात. कोणी एकाच फायलीवर पुन्हापुन्हा प्रयोग करत असेल तर नाव बदलून करा, नाहीतर निष्कर्ष चुकतील.

---

हडसनकाठ | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२० (भारतीय वेळ)

चिंचेखाली, यादी हाती आली की एक गोष्ट बघा: सगळ्या वेळांचे सेकंद सम आहेत का? रेकॉर्डर, जुने कॅमेरे, लहान मेमरी कार्डं ही बहुतेक फॅट या जुन्या फाइल सिस्टिमची असतात आणि फॅटमध्ये मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदता येते. एनटीएफएस ही विंडोजची नवी फाइल सिस्टिम, तिची नोंद सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत जाते. म्हणून एनटीएफएस डिस्कवरच्या २१४ फायलींचे सगळे सेकंद सम दिसले, तर वेळ थेट रेकॉर्डरवरून न बदलता आली आहे, याची ती चांगली खूण.

फॅटची दुसरी खोड आम्हा परदेशात राहणाऱ्यांना भोवते. ती घड्याळातली स्थानिक वेळ तशीच लिहून ठेवते, ती कुठल्या देशाची हे कुठेच नोंदत नाही. एनटीएफएस आणि लिनक्स आतमध्ये जागतिक वेळ ठेवतात आणि दाखवताना आपल्या प्रदेशाप्रमाणे बदलतात. इथे न्यू जर्सीत वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकतं. मग एकच फाइल कार्डावर आणि डिस्कवर नेमकी एका तासाने वेगळी दिसते आणि बॅकअपचा प्रोग्रॅम सगळं बदललंय समजून पुन्हा कॉपी करत बसतो. रोबोकॉपीत याच दोन दुखण्यांवर वेगळे पर्याय आहेत, एफएफटी दोन सेकंदांसाठी आणि डीएसटी त्या तासासाठी. आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रॅममध्ये दोन सेकंदांचा फरक चालवून घ्यायला 'मॉडिफाय-विंडो' आहे.

माझ्या बहिणीच्या लग्नातले फोटो असेच फसले होते. डिसेंबरात भारतात आलो, कॅमेऱ्याचं घड्याळ तिकडचंच. अंतरपाट आदल्या रात्री धरलेला दिसत होता. फोटोंच्या आतल्या एक्झिफ नोंदीत १० तास ३० मिनिटं मिळवली, एक्झिफटूलने एका आज्ञेत झालं.

---

अंगणवेल | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४४

फोटोंचा विषय निघालाच आहे तर विचारते. फोटोच्या आत तारीख असते म्हणता, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंत का सापडत नाही?

---

हडसनकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करून नव्याने बनवतं आणि एक्झिफ नोंद काढून टाकतं. नावात जी तारीख दिसते ती फोटो आला-गेला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नव्हे. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतली नोंद शाबूत राहते. घरातल्यांना एवढं शिकवलं तरी पुष्कळ.

गुगल फोटोजमधून टेकआउटने सगळं उतरवून घेतलं, तर फायलींवरच्या तारखांना फारसा अर्थ नसतो. फोटो काढल्याची वेळ शेजारच्या जेसन फायलीत येते. त्या फायली कचरा समजून पुसू नका.

आणि जुन्या कॅनन पॉवरशॉटच्या एव्हीआय चित्रफिती कोणाकडे असतील, तर त्याच नावाची टीएचएम फाइल शेजारी आहे का बघा. चित्रफितीसोबतची ती एक्झिफ नोंद असते. मी माझ्या बहुतेक टीएचएम फायली निरुपयोगी समजून पुसून टाकल्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

---

चिंचेखाली | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मिळाली!! यादी मिळाली. पूर्ण. २१४ ओळी.

डिस्क तिसऱ्या वेळी जोडली गेली आणि भाच्याने एंटर दाबल्यावर क्षणात फाइल तयार. तिच्या पाच ठिकाणी प्रती केल्या आणि छापूनही घेतली. सगळे सेकंद सम आहेत, हडसनकाठ. मी एकेक ओळ बोट ठेवून बघितली.

पुढचं तो स्वतः लिहील म्हणतोय.

---

चिंचेखाली | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार, मी भाचा, मावशीच्या खात्यातून लिहितोय. चूक माझी होती. सीपी हायफन आर एवढंच वापरलं होतं, तारखांचा विचारच केला नाही.

यादीनंतर ओसरीताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी पाच फायलींवर प्रयोग केला, मग सगळ्यांवर. डिस्क मध्ये एकदा सुटली, पण दुसऱ्या वेळी काम पूर्ण झालं. नव्या डिस्कवरच्या तारखा यादीशी ओळीओळीने ताडून पाहिल्या, २१४ जुळल्या. आता डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायला लावली आहे. ती फायली न बघता डिस्कचा तुकडा न् तुकडा उचलते, म्हणजे नोंदवही आणि सगळ्या तारखा आपोआप येतात. रात्रभर चालेल.

---

साक्षीपत्र | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

धागा सकाळी वाचला, फार बरं वाटलं. मी वकिली करतो, त्या अंगाने एक सांगावंसं वाटतं. या ओव्या पुढे एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला द्यायच्या झाल्या तर तारखेबद्दल प्रश्न विचारला जाईलच.

ज्या टच आज्ञेने तुम्ही खरी तारीख परत लावू शकता, तिनेच कोणीही खोटी लावू शकतो. म्हणून नुसत्या तारखेच्या शिक्क्यावर कोर्ट विसंबत नाही. आपल्याकडचंच उदाहरण आहे. २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३च्या मुदतीत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर नसेल आणि प्रत दाखवायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५बचं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता हॅश लिहायची जागा आहे.

हॅश म्हणजे फायलीच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. पण नाव बदला, तारीख बदला, हजारदा कॉपी करा, तो तोच राहतो, कारण नाव आणि तारीख मजकुराचा भाग नाहीत. तुम्ही आजच सगळ्या फायलींचे एसएचए-२५६ हॅश काढून तारखांच्या यादीशेजारी ठेवा. आणि जुनी डिस्क बंद पडली तरी जपून ठेवा.

---

चिंचेखाली | ६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

हॅश काढले. प्रतिमाही पूर्ण झाली, तिच्यातल्या फायली आणि नव्या डिस्कवरच्या फायली यांचे हॅश एकच आले. साक्षीपत्र, तुमचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार.

पण वहीशी जुळवायला बसले आणि अडले. १८३ फायलींच्या तारखा २००८ ते २०११मधल्या, वहीत आहेत तशाच वाटतात. उरलेल्या ३१ फायलींवर १ जानेवारी २००८पासून पुढच्या दोनेक आठवड्यांच्या तारखा आहेत. त्या जानेवारीत रेकॉर्डर माझ्याकडे नव्हताच, मी तो एप्रिलात घेतला. कॉपी करताना हे कधी झालं असेल?

---

ओसरी | ६ नोव्हेंबर, रात्री ११:२२

हे कॉपीने झालेलं नाही. कॉपीने आजची तारीख पडते, अशी भलतीच जुनी नाही. रेकॉर्डरची बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली असेल आणि घड्याळ शून्यावर, म्हणजे १ जानेवारी २००८वर गेलं असेल. तुम्ही नंतर ते पुन्हा लावेपर्यंतची रेकॉर्डिंगं त्या घड्याळाने नोंदली. फाइल सिस्टिमला यंत्राचं घड्याळ जे सांगतं तेवढंच ठाऊक.

यातही चांगली गोष्ट अशी की घड्याळ चुकीचं असलं तरी चालू होतं, म्हणजे त्या ३१ फायलींमधलं आपसातलं अंतर बरोबर आहे. एका फायलीचा खरा दिवस कळला की सगळ्यांचा कळेल. त्यांत आजी काही बोलतात का? सण, बाजार, पाऊस, कोणाचं बारसं, काहीही?

---

दीपमाळ | ६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळ्या ३१ ऐका ताई. सुरुवातीचं-शेवटचं बोलणंसुद्धा.

---

चिंचेखाली | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

दोन रात्री ऐकत होते. तेरा वर्षांनी इतका वेळ सलग तिचा आवाज ऐकला.

४ जानेवारी २००८ अशी तारीख पडलेल्या फायलीत जात्याची घरघर सुरू व्हायच्या आधी ती म्हणते, "काल गिऱ्हाण व्हतं, दळान तसंच ऱ्हायलं." मी विचारते, "दिसलं का गं?" ती म्हणते, "आभाळ भरल्यालं, काय दिसतंय."

२२ जुलै २००९ची पहाट. सूर्यग्रहण. आमच्याकडे खंडग्रास होतं आणि मी त्यासाठी लवकर उठून ओट्यावर उभी राहिले होते. म्हणजे ही फाइल २३ जुलैची. ४ जानेवारी २००८ ते २३ जुलै २००९, मोजले तर ५६६ दिवस.

मग तपासून पाहिलं. ७ जानेवारी २००८च्या फायलीत ५६६ दिवस मिळवले की २६ जुलै २००९ येतो, नागपंचमी. त्या फायलीत जात्याचा आवाजच नाही. अंगणातल्या फेराची गाणी आहेत, आजी आणि शेजारच्या चौघी. आणि वहीत २६ जुलैच्या पानावर तीच गाणी उतरवलेली आहेत.

---

ओसरी | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

वाचून डोळे भरले.

एकच विनंती. या ३१ फायलींच्या मूळ चुकीच्या तारखाही यादीत तशाच राहू द्या आणि शेजारी दुरुस्त तारीख व ५६६ दिवसांचं कारण लिहा. ग्रहणावरून दिवस पक्का झाला, तास पक्का झालेला नाही, तेही नोंदवा.

---

सह्यकडा | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

आणि ताई, वेळेबद्दल एक. मॉडिफाइड ही फायलीत शेवटचं लिहिल्याची वेळ, म्हणजे रेकॉर्डरवर तुम्ही थांबवायचं बटण दाबलं ती. आजी गायला केव्हा बसल्या ते हवं असेल तर त्यातून रेकॉर्डिंगची लांबी वजा करा.

---

चिंचेखाली | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४८

यादीत आता सहा रकाने आहेत: क्रमांक, यंत्राने दिलेली वेळ, दुरुस्त दिवस, लांबी, हॅश आणि वहीचं पान. भाचा काल परत गेला, जाताना तीन डिस्कांवर प्रती करून गेला, या वेळी हायफन ए लावून. एक प्रत धाकट्या काकांकडे साताऱ्याला पाठवली आहे.

शंभर फायली वहीशी जुळवून झाल्या. सह्यकडा म्हणाले तसं लांबी वजा करून बघते आहे. पावसाळ्यात ती साडेचारच्या पुढे बसायची, थंडीत पाचनंतर. शेवटच्या रेकॉर्डिंगवर वेळ आहे २७ फेब्रुवारी २०११, पहाटे ५:४१:३८, लांबी ९ मिनिटं. वहीत त्या दिवशीचं पान आहे, पण ओव्या पाचच लिहिल्या आहेत आणि फायलीत आठ आहेत. उरलेल्या तीन आज उतरवून घेतल्या.